चॅपलची सैल तावदानं

आधी मावशीचं सांगतो, मग बाकीचं.

ती माझी कोणीच लागत नव्हती. कॅनडातल्या ऑन्टारिओत, एका लहान गावाबाहेर, सफरचंदांच्या बागांच्या पलीकडे एकटी राहणारी सत्तरीतली काळी विधवा बाई. तोंडावर मी तिला 'मॅम' म्हणायचो, मनात मावशी. आज टोरांटोजवळ व्हिटबीत माझं घर आहे, हातात कागद आहेत, मुलं इंग्रजीत मला उलट उत्तरं देतात, हे सगळं तिच्यामुळे. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचून कोणी म्हणेल की बाई जरा विचित्रच होती. होती. पण त्या थंडीत मला दार उघडलं ते तिनेच.

मी सातवीत शाळा सोडली आणि मुंबईत मामांच्या सुतारखान्यात लागलो. आम्ही मूळचे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव आम्हाला 'शनवार तेली' म्हणत. टोरांटोत फर्निचरच्या कारखान्यात काम आहे असं कळलं म्हणून मी आलो, तर येईपर्यंत कारखान्यालाच टाळं लागलेलं. मग वसईचा एक दोस्त भेटला. तोही मराठी, पण कॅथलिक, आणि त्याच्याकडे जुनी व्हॅन होती. त्याने मला सफरचंदं तोडायच्या कामावर नेऊन सोडलं. बागेतलं काम ऑक्टोबरात संपलं. व्हिसाची मुदतही संपत आली होती. रस्त्यावर पोलिसाची गाडी दिसली की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो.

अशाच एका रविवारी, बागेतून बसच्या रस्त्याकडे चालत निघालो असताना मला गाणं ऐकू आलं.

वळणावर एक लाकडी चॅपल होतं. रंग उडालेला, भोवती कललेले थडग्यांचे दगड. आतून एका बाईचा आवाज यायचा, एक लांबलचक ओळ, आणि मग थांबायचा. थांबला की मागून पुष्कळ जणांनी एकदम सूर धरल्यासारखी घुमघुम. शब्द कळत नव्हते. मग पुन्हा बाई, पुन्हा ती घुमघुम. मला वाटलं, आत भरलेली सभा आहे. माझे बूट चिखलाने माखलेले, म्हणून मी पायरीवरच बसलो. लोक बाहेर पडले की कोणाला तरी कामाचं विचारू.

बाहेर आली एकटी मावशी. डोक्यावर जांभळी हॅट. तिने दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.

मी घाबरून उठलो. "मॅम, आत माणसं आहेत."

"आहेत ना," ती म्हणाली. "ती कुठे जातात?" आणि माझ्या बुटांकडे बघून, "जेवलास का रे पोरा?"

त्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात मी वाटाण्याचं सूप प्यायलो. त्यात डुकराचं हाड घालू नका म्हणालो तेव्हा तिने कारण विचारलं. ज्यू आहे म्हटल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असल्या रंगाचा ज्यू मी पहिल्यांदाच बघतेय."

"मीही असं चर्च पहिल्यांदाच बघतोय," मी म्हणालो. ती हसली. तिच्या घरामागच्या खोलीत मी त्या रात्रीपुरता राहिलो, आणि मग तीन हिवाळे तिथेच काढले.

इमिग्रेशन ऑफिसात ती स्वतः आली होती, तीच जांभळी हॅट घालून. माझी बोबडी वळलेली. साहेबाने विचारलं, एवढ्याशा चॅपलला कायमचा सुतार कशाला हवा? मावशी म्हणाली, "एकदा येऊन बघा. मग विचाराल की एकच सुतार कसा पुरतो?" साहेब हसला आणि माझं इथलं आयुष्य सुरू झालं. दिवसा मी गावात एका घरबांधणीवाल्याकडे काम करायचो आणि रविवारी चॅपलचं.

गाण्याचं कोडं हळूहळू उलगडलं. तिचे पणजोबा अमेरिकेतल्या गुलामीतून पळून, रात्री नदी पोहून इकडे आलेले. तिकडे गुलामाला अक्षर शिकवणं गुन्हा होता, म्हणून इथे आलेल्या कोणालाच वाचता येत नव्हतं. मग ज्याला गाणी पाठ असतील त्याने एक ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवून, घोळवून म्हणायची. पुस्तक नको, अक्षर नको. पणजोबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हे चॅपल हातांनी उभं केलं. पणजोबा समोर उभे राहून ओळ टाकायचे. त्यांचा आवाज म्हणे इतका खर्जातला की पोरांच्या पोटात थरथरायचं. पुढे मुलं-नातवंडं टोरांटोला गेली, कोणी परत अमेरिकेत गेली, म्हातारे दगडांखाली गेले. उरली मावशी. ती दर रविवारी ओळ टाकायची, थांबायची, पुढची ओळ टाकायची.

खिडक्यांवर काम करताना मी ते किती तरी वेळा ऐकलं. अंगावर काटा यायचा तो तिच्या गाण्याने नाही, थांबण्याने. मोकळ्या बाकांकडे बघत, हात पोटाशी धरून ती पुरेपूर थांबायची. भरल्या सभेला ओळ म्हणायला जितका वेळ लागेल तितका. घाई नाही. आणि तेवढ्या वेळात ती घुमघुम उठायची, आधी डावीकडून, मग उजवीकडून, आणि पुढच्या ओळीच्या जरा आधी विरायची. एकदा मी विचारलं, "मॅम, तुम्ही सलग का नाही म्हणत?"

"त्यांच्यावर कुरघोडी करू?" ती म्हणाली. "आता त्यांनी म्हणायचं असतं."

मी सुतार माणूस. शोधून काढलंच. तावदानं जुन्या काळची, लाटा पडल्यासारखी काच. तिच्यातून बाहेर बघितलं तर एका झाडाची दोन होतात, चालणाऱ्या माणसामागे आणखी कोणी चालतंय असं वाटतं. काच धरून ठेवणारी कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, केव्हाच झडून गेली होती आणि काचा चौकटीत सैल होत्या. मावशीचा आवाज चढला की त्या थरथरायच्या आणि थांबला तरी घुमत राहायच्या. बस्स, एवढंच. मला हायसं वाटलं. पण हे तिला सांगायला जीभ उचलली नाही.

मग एका उन्हाळ्यात पाद्री आला. त्यांच्या पंथाच्या मोठ्या कमिटीचा माणूस, तरुण, तिच्याच रंगाचा, बोलायला गोड. खडीच्या खाणीवाल्याला ती जमीन हवी होती आणि कमिटीला चॅपल काढून टाकायचं होतं. थडगी म्हणे गावातल्या स्मशानात 'व्यवस्थित हलवू'. मावशी हे ऐकून खुर्चीत बसली ती उठलीच नाही. पाद्री तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "मॅडम, माझे हात बांधलेत. खिडक्यांतून वारा येतोय, आणि सभेत तुम्ही एकट्या. मी हिवाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा येतो. इमारत ठाकठीक दिसू दे आणि बाकांवर निदान दहा माणसं. म्हणजे मी तुमच्या बाजूने भांडू शकेन."

दहा! मी दचकलो. आमच्यातही दहा पुरुष जमल्याशिवाय मोठी प्रार्थना होत नाही. लहानपणी सिनेगॉगच्या दारात उभं राहून दहाव्या माणसाची वाट बघितलेली. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "दहा पुरुष? आणि बायका कशात मोजतात?"

"बायका मोजत नाहीत, मॅम."

"मग तुमचं दार नेहमीच उघडं राहत असणार. वाट बघत."

नोव्हेंबरात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती भाचीकडे ओटावाला जाऊन राहिली. माझ्या मनात आलं, ती यायच्या आत तिला खूश करू. जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून लांबी केली. सगळी तावदानं एकेक करून पक्की बसवली. घाण्याचं घराणं ना आमचं, तेलाचा वास आला की माझा हात चांगला चालतो. वारा बंद झाला. स्टोव्ह पेटवला की आत ऊब टिकू लागली. मीच माझ्यावर खूश.

मावशी शुक्रवारी दुपारी परतली. रविवारी पाद्री यायचा होता. डोळ्यावर पट्टी तशीच ठेवून ती सरळ चॅपलमध्ये गेली, समोर उभी राहिली आणि ओळ टाकली.

मग थांबली.

काहीच आलं नाही. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. स्टोव्हमधलं लाकूड तडकलं तेवढंच. तिने दुसरी ओळ टाकली. थांबली. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज मध्येच मोडला. ती चाचपडत पहिल्या बाकापर्यंत आली आणि बाकाच्या पाठीवर हात फिरवू लागली, झोपलेल्या माणसाला हलवून बघतात तशी.

"कुठे गेले?" तिने मला विचारलं. "पोरा, काय केलंस तू?"

मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. काचा सैल होत्या, तुमच्या आवाजाने थरथरायच्या, आवाज तो होता, दुसरं काही नव्हतं. पाद्रीच्या नादात ती घुमघुम बंद पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती बाकावर टेकली. मग म्हणाली, "तुला काय वाटलं, ती काच आहे हे मला ठाऊक नाही? त्यांच्याकडे बोलायला दुसरं राहिलंय तरी काय?"

त्या रात्री मला झोप आली नाही. लांबी काढली तर पाद्री म्हणणार, खिडक्या तशाच. ठेवली तर मावशी रविवारी तोंड उघडणार नाही हे मला दिसत होतं. आणि तिने ओळ टाकली नाही तर पाद्री बघायला येणार कशाला? रिकामी इमारत? उद्या शनिवार. शब्बाथला मी कधी हत्याराला हात लावला नव्हता, इथे कॅनडातसुद्धा नाही, आणि त्यासाठी दोन नोकऱ्या घालवल्या होत्या.

सकाळी मी सुरी घेऊन निघालो तर मावशी दारात.

"आज शनिवार आहे. शनिवारी तू हातोडा धरत नाहीस."

"हातोडा नाही, मॅम. नुसती सुरी."

ती हसली नाही. तिने माझी कॉलर नीट केली आणि बाजूला झाली.

ताजी लांबी आठवडाभरात कडक होत नाही, त्यामुळे ती सहज निघाली. खालच्या कडेची ठेवली, म्हणजे वारा जरा कमी यावा. बाकीची खरवडून काढली आणि काच पडू नये म्हणून बारीक खिळे तेवढे राहू दिले. दिवसभर वाटत होतं की बाकांवर कोणीतरी बसून बघतंय. मागे वळलो की कोणी नसायचं, पण लाटांच्या काचेतून बाहेरच्या दगडांकडे बघितलं की ते दगड जरा जवळ आलेले वाटायचे. मी मोठ्याने मराठीत म्हणालो, "येतो, येतो, झालंच." कोणाला म्हणालो, देव जाणे.

माणसं आणायचं काम वसईच्या दोस्ताचं. फोनवर त्याने व्हॅन भरून आणतो म्हणून शपथ घेतली होती. रविवारी सकाळपासून बर्फ पडू लागलं, वारा अजिबात नाही, नुसतं सरळ, जाड बर्फ. मी पायरीवरचं बर्फ शोव्हलने काढत होतो आणि दर पाच मिनिटांनी रस्ता बघत होतो. शेवटी व्हॅन आली. आतून उतरले दोस्त, त्याची बायको, आणि टोरांटोतले आमचे म्हातारे काका, ज्यांच्या घरी चार ज्यू कुटुंबं आणि मी सणाला जमायचो. बास.

"बाकीचे?"

"हायवे बघितलास का?" दोस्त म्हणाला. "सगळ्यांनी कॅन्सल केलं. शनवार तेल्या, आम्ही आलो हाच चमत्कार समज. माझे विंटर टायरसुद्धा रडत होते."

काका गाडीतून उतरायला तयार नव्हते. "मी चर्चमध्ये येणार नाही. इथेच बसतो."

"काका, गोठाल."

"गोठलो तर गोठलो."

दोस्ताची बायको म्हणाली, "काका, आत स्टोव्ह आहे, आणि मी बटाटेवडे आणलेत, तेलात तळलेले, शुद्ध." काका उतरले. आत आल्यावर सगळ्यात मागच्या बाकावर, हाताची घडी घालून, तोंड घट्ट मिटून बसले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे स्टोव्हची लाल फट सोडली तर त्यांना फारसं काही दिसत नसावं.

पाद्रीचा पत्ता नव्हता. मावशी म्हणाली, "वेळ झाली," आणि उभी राहिली. खिडक्यांकडे बघून तिने एक श्वास घेतला. मला वाटलं, नाही आलं तर? काल काढलेली लांबी, मोडलेला शब्बाथ, सगळं फुकट गेलं तर?

तिने ओळ टाकली. थांबली.

डावीकडून आलं. बारीक, लांबून आल्यासारखं, मग उजवीकडून, मग वरूनसुद्धा. दोस्त आणि त्याची बायको चर्चमध्ये गाण्याची सवय असलेली माणसं, त्यांनी सूर धरला. मी पुटपुटलो. दुसऱ्या ओळीला मावशीचा आवाज चढला आणि जमिनीखालून काहीतरी उचललं गेल्यासारखं झालं. माझ्या छातीत थरथरत होतं. बाहेर वारा नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. बर्फ सरळ पडत होतं.

गाणं संपलं तेव्हा दार उघडलं. पाद्री. खांद्यावर बर्फाचा थर. तो पडवीत किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने आत बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाकीचे कुठे गेले?" त्याने विचारलं. "मागे दुसरं दार आहे का?"

"नाही," मावशी म्हणाली.

"मी बाहेरून ऐकलं. भरलेलं होतं. एक खर्जातला आवाज होता, अगदी खालचा." तो दोस्ताकडे वळला. "तुम्ही?"

दोस्ताचा आवाज शाळकरी पोरासारखा पातळ. त्याने नकारार्थी मान हलवली.

पाद्रीने उसासा टाकला आणि बोट उचलून माणसं मोजायला सुरुवात केली. "वन, टू..."

"नो! नो, सर!" मागून काका ओरडले आणि काठी टेकत उठले. "नो काउंट पीपल! बॅड! व्हेरी बॅड!"

पाद्रीचं बोट हवेतच राहिलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आमच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत. दृष्ट लागते, मरण येतं असं समजतात. दहा शब्दांची एक हिब्रू ओळ आहे. एकेका माणसाकडे बघून एकेक शब्द म्हणायचा, ओळ पुरी झाली की दहा भरले. मी हे कसंबसं इंग्रजीत सांगितलं. पाद्री थकल्यासारखा हसला. "बरं. मग तुमच्या पद्धतीने मोजा. फरक काय पडतो?"

काकांनी ओळ सुरू केली. हळू, एकेका बाकाकडे तोंड वळवत. मी मनात त्यांच्याबरोबर म्हणत होतो. मावशी, मी, दोस्त, त्याची बायको, काका स्वतः. पाचवा शब्द झाला. मी खाली मान घातली.

काका थांबले नाहीत. त्यांचं तोंड डावीकडच्या मोकळ्या बाकाकडे वळलं. शब्द. त्याच्या पुढच्याकडे. शब्द. खिडकीपाशी. चॅपलमध्ये कोणी हलत नव्हतं. शेवटचा शब्द म्हणून काका क्षणभर तसेच उभे राहिले, तोंड अजून वळत असलेलं, जणू शब्द कमी पडले. मग खाली बसले.

"झाले," ते म्हणाले. "टेन."

पाद्रीने बाकांकडे बघितलं. खूप वेळ. खिडक्यांकडे बघितलं. एक तावदान हलकंसं घुमलं आणि गप्प झालं. मला खात्री होती की तो आता सैल काचांचं काढणार. त्याने हॅट काढली, जी त्याने आत आल्यावरही काढली नव्हती.

"दहा," तो मावशीला म्हणाला. "मी तसंच सांगेन."

काकांना टोरांटोला सोडायला मीही व्हॅनमधून गेलो. वाटेत विचारलं, "काका, खरं सांगा. आपण पाच जण होतो. त्या बाईसाठी तुम्ही खोटं बोललात ना?"

काका रागावले. "देवाच्या शब्दावर मी खोटं बोलेन? मला पाठी दिसल्या, मी म्हटलं. शब्द संपले, अजून पाठी होत्या." आणि मग थोड्या वेळाने, "ती खिडकीपाशी बसलेली मंडळी फार भिजलेली होती रे. त्यांना कोणी टॉवेल का दिला नाही?"

दोस्ताने रेडिओ लावला.

मी स्वतःला सांगतो, मोतीबिंदू होता. बर्फाचा उजेड, लाटांची काच. सांगतो आणि झोपतो.

चॅपल राहिलं. खाणीवाल्याने दुसरीकडे खड्डा केला. आता दर उन्हाळ्यात अमेरिकेतून, टोरांटोतून गाड्या येतात, लोक आपल्या पणजोबांचे दगड शोधतात, शाळेच्या पोरांना आणून दाखवतात. एक दोन कुटुंबं रविवारी पुन्हा येऊ लागली आहेत. खिडक्या माझ्याकडेच आहेत. आलेला प्रत्येक शहाणा सांगतो, एवढी हवा येते, लांबी का भरत नाही? मी म्हणतो, पुढच्या वर्षी.

मावशी आता व्हिटबीच्या वृद्धाश्रमात असते. दृष्टी गेली, पाय गेले. रविवारी मी जातो, ती पलंगावर बसून ओळ टाकते आणि थांबते. त्या खोलीच्या खिडक्या नव्या, दुहेरी काचांच्या. त्यातून काहीच येत नाही. मीच जमेल तशा आवाजात उत्तर देतो. ती ऐकते आणि म्हणते, "तू एकटाच आहेस ना रे?" दर वेळी. तिने माझ्याकडे काही मागितलं असं हे एवढंच.

मावशी, माझ्यावर तुझं जे ऋण आहे ते मी एक दिवस फेडणार. रस्ता मोकळा झाला आणि डॉक्टर हो म्हणाला की खुर्चीसकट तुला उचलून त्या पायऱ्यांवरून आत नेईन आणि पहिल्या बाकापाशी बसवीन. दोस्ताची व्हॅन सांगून ठेवली आहे. ओळ तू टाक. मग आपण दोघं थांबू, जितका वेळ लागेल तितका.